आधी चौथं रीळ, मग तिसरं

"जुने सिनेमे म्हणजे लांबच्या काकांसारखे, दाजी. आदर करायचा, पण दीड तास समोर बसायचं नाही."

हे वाक्य माझा मेहुणा हेबर याने एका रविवारी दुपारी, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात सॉसेज धरून उच्चारलं. हेबरचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, तो आमच्या पासो गार्सास गावच्या क्लबचा अध्यक्ष आहे, आणि मांस भाजायला निखाऱ्यांजवळ उभा राहिला की तो जगातल्या कुठल्याही विषयातला तज्ज्ञ असतो. मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. चुकीचं विधान ऐकून गप्प बसणं मला शारीरिकदृष्ट्याच जमत नाही. माझी कानशिलं तापतात.

त्यातून तो बोलत होता 'बाल्दोमेराचा तराफा'बद्दल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (असे लोक असतात. त्यातले बरेच माझ्या सासरचे आहेत.) हा चित्रपट सहासष्ट साली आमच्या गावात, आमच्याच नदीवर काढला. त्याला युरोपातल्या एका महोत्सवात रौप्यपदक मिळालं. बाल्दोमेरा ही बाई नदीवर आडवा बांधलेला दोर हाताने ओढत तराफा चालवते आणि लोकांना या काठावरून त्या काठावर नेते. सरकार म्हणतं पूल बांधू. पूल येत नाही. नवरा आजारी पडतो, मरतो. बाल्दोमेरा दोर ओढत राहते. एवढंच. पण 'एवढंच' हे मी सांगताना. पडद्यावर ते एवढंच राहत नाही, आणि हेच मी हेबरला गेली वीस वर्षं सांगत होतो.

"तू तो शेवटपर्यंत पाहिला आहेस का?" मी विचारलं.

"अर्धा पाहिलाय. शाळेतून नेलं होतं. झोप लागली."

"मग तुला बोलायचा अधिकार काय?"

"झोप लागली हेच माझं मत," हेबर म्हणाला. "दाजी, आजकाल माणसं तीन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा पुढे ढकलून बघतात. तुमची ती बाई चार मिनिटं एक शब्द न बोलता दोर ओढते. कोण बसेल?"

"अख्खं गाव बसेल."

हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. माझी बायको निबिया हिने सॅलडमधला कांदा चिरता चिरता वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर बायकोच्या अशा पाहण्याचा अर्थ नवऱ्याला कळतो, पण नेहमी अर्ध्या सेकंदाने उशिरा. तोवर हेबरने चिमटा खाली ठेवून हात पुढे केला होता. पैज अशी ठरली: क्लबच्या सभागृहात मी चित्रपट दाखवायचा. संपायच्या आत दहा माणसं उठून गेली, तर वर्षभर रविवारच्या जेवणात मी कुठल्याही विषयावर मत द्यायचं नाही. नाही गेली, तर हेबर देणार नाही.

एका भूगोलाच्या मास्तरासाठी वर्षभर मत न देणं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळणार नाही. मी मुकाट्याने हात मिळवला.

चित्रपट इंटरनेटवर असेल अशी माझी भाबडी समजूत होती. इंटरनेटवर त्याचा नऊ मिनिटांचा तुकडा निघाला. कुणीतरी चित्रपटगृहात बसून मोबाईलवर घेतलेला. नऊतली सहा मिनिटं पुढच्या प्रेक्षकाचं टक्कल दिसतं. टक्कल चांगलं होतं, पण त्याला पदक मिळालेलं नव्हतं.

शेवटी कळलं की खरी प्रत राजधानीत, मोंतेविदेओमधल्या एका चित्रपट संग्रहालयात, पाच डब्यांत, पाच रिळांच्या रूपात आहे. मी पत्र लिहिलं. उत्तरादाखल अकरा पानी अर्ज आला. सभागृहातल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत की सुट्या? वाळूच्या बादल्या किती? गेल्या दहा वर्षांत सभागृहात कुणी धूम्रपान केलं आहे का? (आमच्या क्लबात गेल्या दहा वर्षांत धूम्रपान न करणारा एकच जीव होता, आणि ती मांजर होती.) हे सगळं मी प्रामाणिकपणे भरलं. शेवटचा रकाना होता: 'हाच चित्रपट दाखवण्याचं कारण.'

या रकान्याची मी आयुष्यभर वाट पाहत होतो. मी चौदा पानं लिहिली. पन्नास वर्षांनंतरही हा चित्रपट ताजा का वाटतो, याची मी सात कारणं दिली आणि प्रत्येक कारणाला उपकारणं दिली. नदीच्या प्रवाहाची दिशा आणि कॅमेऱ्याची दिशा यांचा संबंध मी आकृती काढून दाखवला. पाकीट इतकं जाड झालं की पोस्टातल्या माणसाने ते हलवून बघितलं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपण दिलेलं कारण वाचनीय आहे. तथापि रकाना तीन ओळींचा आहे.'

चौदा पानांच्या तीन ओळी करणं हे काम करून बघा. मी एक आठवडा जेवलो नाही असं म्हणणार होतो, पण निबिया हे वाचणार आहे. जेवलो, पण चव लागली नाही. बातमी गल्लीत पसरली आणि लोक कारणं घेऊन यायला लागले. औषधवाला म्हणाला, "त्यात आमच्या दुकानाचा जुना दरवाजा दिसतो, ते लिही." शेजारच्या दोन्या मिर्था (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'दोन्या' म्हणतात) कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, सरळ लिहा की नटी देखणी होती. सरकारी माणसांना ते पटतं." हेबरने दुकानातून निरोप पाठवला, "लिहा, निवृत्त मास्तरांना दुसरा उद्योग नाही."

एका सकाळी मी उठलो तर निबियाने माझ्या टेबलावरचा अर्ज भरून टाकला होता. तिने लिहिलं होतं: 'बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. परत बघावासा वाटतो.' दोन ओळी. तिसरी मोकळीच.

"हे कारण आहे?" मी म्हणालो.

"मग काय आहे?" ती म्हणाली, आणि बाजारात निघून गेली.

आठ दिवसांत मंजुरी आली, चार शिक्क्यांसह. सोबत अटी. एक, रिळं एकटी प्रवास करणार नाहीत, संग्रहालयाच्या एक अधिकारी बाई त्यांच्याबरोबर येतील. दोन, एका परवानगीवर चित्रपटाचं एकच प्रदर्शन. तीन, सुरू झालेलं रीळ कोणत्याही कारणाने मध्ये थांबवायचं नाही, कारण थांबलेली फिल्म दिव्याच्या उष्णतेने जळते. मी तिन्ही अटींखाली हसत हसत सही केली. माणूस सही करताना कधी हसतो आणि का हसतो, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

आता प्रोजेक्टर. गावातलं थिएटर बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती. पण तिथला प्रोजेक्टर चालवणारा माणूस म्हणजे दोन्या मिर्थांचे यजमान. ते गेले, आणि यंत्र दोन्या मिर्थांच्या शेडमध्ये आलं. दोन्या मिर्था ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. यजमान प्यायलेले असले की यंत्र त्याच चालवायच्या, म्हणजे जवळजवळ रोजच. गावात आता तेवढ्याच एक जाणकार उरल्या होत्या.

मी शेडचं दार उघडलं. प्रोजेक्टर होता. त्याच्या दिव्याच्या पेटीत एक तांबडी कोंबडी बसली होती. माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं की मी आपोआप टोपी काढली.

"तिला उठवायचं नाही," दोन्या मिर्था म्हणाल्या. "अंड्यांवर बसलीय. परवाच बसलीय."

"दोन्या मिर्था, मला पुढच्या रविवारी चित्रपट दाखवायचाय!"

"दाखवा की. एकवीस दिवसांनी."

"पण मंजुरीत तारीख आहे!"

"मग ती मंजुरी तिला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या, आणि कोंबडीसमोर दाणे टाकले.

मी संग्रहालयाला तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज केला. त्यात 'पुढे ढकलण्याचं कारण' हा रकाना एका ओळीचा होता. मी खूप विचार केला आणि लिहिलं, 'कोंबडी.' मला वाटलं, आता संपलं. पण उत्तर आलं की सदर कारण 'नैसर्गिक आपत्ती' या सदरात नोंदवलं असून नवी तारीख मंजूर करण्यात येत आहे. आपल्या देशातल्या कारभाराला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाविसाव्या दिवशी नऊ पिल्लं बाहेर आली, आणि त्या रविवारी सकाळच्या बसने संग्रहालयाच्या सुबिल्यागाबाई आल्या. उंच, करड्या कोटातल्या, काखेत थर्मास. पांढरे हातमोजे घालून त्यांनी पाच डबे बसमधून स्वतः उतरवले. बसच्या वाहकाने मदतीला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताकडे असं पाहिलं की त्याने तो खिशात घातला. डबे आमच्या घरी आणले. निबियाने तोर्ता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळायला घेतल्या होत्या. तळणाचा वास आला आणि बाई प्रथमच माणसासारख्या दिसल्या. त्यांनी हातमोजे काढले.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

बस मातीच्या रस्त्याने आली होती. डबे धुळीने लाल झाले होते. मी नीटनेटका माणूस आहे. बाई स्वयंपाकघरात चौथी तोर्ता खात असताना मी ओलं फडकं घेतलं आणि डबे पुसले. छान पुसले. पुसून झाल्यावर पाहिलं तर पाचही डबे चकचकीत होते, आणि एक ते पाच आकडे लिहिलेल्या पाचही चिठ्ठ्या फडक्याला चिकटल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर त्याने आत जाऊन सांगितलं असतं. पण मी मास्तर. ज्याने चौतीस वर्षं मुलांना 'चूक लगेच कबूल करावी' असं शिकवलं, त्याला स्वतःला त्याचा सराव राहत नाही. मी डबे एकेक हातात घेऊन वजन केलं. पहिला सोपा होता, त्याला पोचा होता आणि तो बसमधून उतरताना सगळ्यांत वर होता. पाचवा सगळ्यांत हलका, कारण शेवट छोटा आहे हे मला माहीत होतं. पुसण्याआधी एका झाकणावरच्या धुळीत पहिल्या डब्याची गोल खूण पाहिल्याचं आठवलं, तो दुसरा. उरले दोन. त्यातला जो जड लागला त्याला मी चौथा ठरवलं. कारण चौथ्या रिळात शवपेटी आहे.

हा विचार त्या वेळी मला अत्यंत शास्त्रीय वाटला होता.

चार वाजता सभागृह भरलं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी घरून आणल्या, त्यामुळे पुढच्या रांगेत एक डोलणारी आरामखुर्चीही होती. एकशे चाळीस माणसं. हेबर दाराशी हाताची घडी घालून उभा, खिशात वही, उठून जाणाऱ्यांची नोंद करायला. दोन्या मिर्थांनी यंत्राला तेल दिलं, चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणाल्या, "चालेल, हाताला माहीत आहे." यंत्राचा एक पाय लटपटत होता. त्याखाली त्यांनी काहीतरी जाड घडी करून सारलं. ती माझी चौदा पानं होती. प्रास्ताविकासाठी मी ती बरोबर आणली होती.

"मी ती वाचणार होतो," मी म्हणालो.

"आता यंत्र सरळ उभं राहिलंय," दोन्या मिर्था म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी तोंडी बोला."

पण तोंडी बोलायला नगराध्यक्ष उभे राहिले. आमचे नगराध्यक्ष भले गृहस्थ आहेत, फक्त माइक त्यांच्या हातात देऊ नये. ते सव्वीस मिनिटं बोलले. संस्कृती, तरुण पिढी, नदी. शेवटी, भावनेच्या भरात, "आणि मी या व्यासपीठावरून सांगतो, पुढच्या वर्षी या नदीवर पूल झालेला असेल!" असं म्हणून ते खाली बसले. खिडक्यांचे पडदे ओढले, दिवे मालवले.

पहिलं रीळ छान गेलं. एक बाळ रडलं, आईने त्याला बाहेर नेलं. हेबरने वहीत दोन रेघा ओढल्या. मी म्हणालो, बाळ धरायचं नाही. तो म्हणाला, तिकीट नसलं तरी माणूस तो माणूस.

दुसऱ्या रिळात चित्रपटातले नगराध्यक्ष काठावर येतात. छातीवर पट्टा, डोक्यावर हॅट. तराफ्यावर चढून ते गावकऱ्यांकडे तोंड करतात आणि म्हणतात, "मी शब्द देतो, पुढच्या वर्षी या नदीवर पूल झालेला असेल!"

मग शेवटच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू रांगेरांगेतून पुढे सरकत आलं, आणि आरामखुर्चीपर्यंत पोचेस्तोवर सभागृह गदागदा हलत होतं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. चित्रपटातल्या नगराध्यक्षांचा पाय घसरून ते नदीत पडले, तेव्हा औषधवाला खुर्चीवरून खाली आला. आमचे नगराध्यक्ष शांतपणे उठले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सहा सहकारीही उठले. दारात हेबर रेघा ओढत होता. सात आणि दोन, नऊ.

"एक राहिला, दाजी," तो माझ्या कानात म्हणाला.

मी दाराकडे पाठ फिरवली. पण मनातून मला वाटत होतं, अरे, सात कारणं लिहिली मी, आकृती काढली, आणि हे कारण माझ्या कसं लक्षात आलं नाही? पूल अजून झालेलाच नाही!

तिसरं रीळ लागलं. पडद्यावर धुकं आलं. धुक्यातून तराफा आला. तराफ्यावर लांबट लाकडी पेटी.

माझ्या दंडावर पाच बोटं रुतली. सुबिल्यागाबाई होत्या.

"मास्तर," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे चौथं आहे."

"तुम्हाला खात्री आहे?" मी उगीच विचारलं.

"नवरा अजून आजारीसुद्धा पडलेला नाही. आणि हा मेलेला आहे!"

"थांबवू या?"

"थांबवता येत नाही. तिसरी अट." मग त्यांनी धुळीने लाल झालेल्या माझ्या बाहीकडे पाहिलं. "डबे कुणी पुसले?"

मी पडद्याकडे पाहत राहिलो. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी पडद्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

चार मिनिटांचं ते दृश्य सुरू झालं. बाल्दोमेरा एकटी नवऱ्याची शवपेटी पलीकडच्या काठावरच्या दफनभूमीकडे नेते. शब्द नाही, संगीत नाही. दोराची करकर आणि पाणी. नदीच्या मध्यावर ती दोर सोडते. तराफा थांबतो. ती पेटीवर बसते, फडक्यातून पाव काढते, छातीशी धरून सुरीने कापते. एक तुकडा स्वतः खाते. एक पेटीवर ठेवते. मग आणखी एक कापते. कॅमेरा फक्त हातांवर. पाव, सुरी, हात.

एकशे तीस माणसांत कुणी खोकलं नाही. आरामखुर्ची डोलायची थांबली. आणि दाराजवळून हेबरचा आवाज आला, मोठा, बाजारात हाक मारावी तसा:

"ते आईचे हात आहेत."

कुणीतरी 'शूः' केलं.

"ताई! निबियाताई! तो अंगठा बघ! आईचा अंगठा! पाव छातीशी धरून कोण कापायचं?"

निबिया उभी राहिली होती. पडद्यावरचा अंगठा वाकडा होता, पेरापासून बाहेर वळलेला. आमच्या सासूबाई मी लग्न करायच्या आधीच गेल्या, त्यामुळे मी त्यांचा फक्त फोटो पाहिला आहे, आणि फोटोत त्यांचे हात मागे असतात.

"त्यांचेच आहेत," अंधारात, यंत्राच्या खडखडाटामागून दोन्या मिर्था म्हणाल्या. "राजधानीच्या त्या नटीच्या हाताला दुसऱ्याच दिवशी फोड आले. सुरी धरवेना. मीच तुमच्या आईला, एल्विराला, घेऊन गेले होते. चार दिवस कपडे धुवायला जाते सांगून आली. तुमच्या बापाला कळलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं."

"दोन्या मिर्था!" मी ओरडलोच. "तुम्ही मला दिवा कुठला, पडदा कुठला, नटी देखणी, सगळं सांगितलंत! हे पन्नास वर्षांत सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं?" दोन्या मिर्था म्हणाल्या. "चित्रपट इथे लागला तेव्हा ती आली होती बघायला. शेवटच्या रांगेत बसली. हात शालीत घालून."

हेबर दार उघडून बाहेर गेला.

तो दहावा. नियमाप्रमाणे मी हरलो होतो, पण वही जमिनीवर पडलेली होती आणि रेघ ओढायला कुणी नव्हतं. पाच मिनिटांनी तो परत आला. तोंड धुतलेलं, शर्टाची कॉलर ओली. दाराशी उभा न राहता तो सरळ पुढे जाऊन बहिणीशेजारी बसला.

रीळ संपलं. दोन्या मिर्था पुढचं चढवत होत्या तेवढ्यात मी पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. चूक कबूल करायची वेळ आली होती. "मित्रहो," मी म्हणालो, "आता तुम्ही जे पाहणार आहात, ते तुम्ही खरं तर आधीच..."

"बसा, मास्तर!" अख्खं सभागृह म्हणालं. त्यात माझे जुने विद्यार्थी बरेच होते. त्यांनी ते जरा जास्तच मनापासून म्हटलं. मी बसलो.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर जत्रा. अकॉर्डियन. आणि बाल्दोमेराचा नवरा, नुकताच पुरलेला, टेबलावर चढून नाचतोय.

"अगं बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "हा तर जिवंत!"

हशा झाला. पण तो फार टिकला नाही. नवरा नाचता नाचता एकदा खोकला, अगदी बारीक, आणि हसून पुन्हा नाचायला लागला. मी हे रीळ पाच वेळा पाहिलं होतं आणि तो खोकला मला कधी ऐकूच आला नव्हता. आज तो सगळ्यांना ऐकू आला. बाल्दोमेरा त्याला खाली ओढते, तो तिला वर ओढतो, दोघं टेबल मोडून पडतात, आणि समोर एकशे तीस माणसं हसत होती आणि नाक पुसत होती. औषधवाल्याने तर त्याच्या बायकोचा हात धरला. त्या दोघांचं गेलं वर्षभर पटत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

पाचवं रीळ आपल्या जागी बरोबर होतं. निदान तेवढं मी वजनावरून ओळखलं. शेवटी पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतं, "ए तराफा!" आणि बाल्दोमेरा बसल्या जागेवरून उठते. संपलं.

टाळ्या थांबेनात. दिवे लागले तेव्हा सुबिल्यागाबाई पडद्यासमोर उभ्या होत्या, हातमोजे घातलेले, चेहरा दगडाचा. त्यांनी हात वर केला.

"संग्रहालयाच्या वतीने सांगणं भाग आहे," त्या म्हणाल्या, "की तिसरं आणि चौथं रीळ उलट दाखवण्यात आलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या होत्या. हे कृत्य कुणाचं, ते अहवालात येईल."

एकशे तीस डोकी माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत माझ्या वर्गाने कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं. मी उभा राहिलो.

"मी पुसले," मी म्हणालो. "धूळ होती. मग मी वजनावरून क्रम लावला. मला वाटलं शवपेटीमुळे चौथं जड असेल."

सभागृह ज्या प्रकारे हसलं, ते मी इथे लिहीत नाही. नगराध्यक्षांना हे हसू ऐकायला मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांना बरं वाटलं असतं.

"मला वाटलं तुम्हाला तसंच हवंय," दोन्या मिर्था यंत्रामागून म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले."

तेवढ्यात हेबर उठला. तो सुबिल्यागाबाईंजवळ गेला. जो माणूस क्लबच्या सभेत कुणाला बोलू देत नाही, तो हातात टोपी चुरगाळत उभा राहिला.

"बाई, ते चौथं... म्हणजे जे तिसरं लावलं ते... परत एकदा लावता येईल? सगळं नको. फक्त पाव कापते तेवढं."

"परवानगी एका प्रदर्शनाची आहे," सुबिल्यागाबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे. पण आमच्याकडे आईचा एकच फोटो आहे."

बाईंनी कोटाच्या खिशातून परवानगीचा कागद काढला, उलगडला, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागल्या. सगळा कागद. शिक्क्यांसकट. घड्याळात सव्वासहा झाले होते. खिडक्यांच्या पडद्यांमागे अजून उन्हं होती.

"दुसरी अट," त्या शेवटी म्हणाल्या. "'चित्रपटाचं एक प्रदर्शन.' चित्रपट म्हणजे पाच रिळं, एक ते पाच या क्रमाने. व्याख्येत तसं स्पष्ट दिलेलं आहे. आज या ठिकाणी एक, दोन, चार, तीन, पाच दाखवण्यात आलं." त्यांनी कागदाची घडी घातली. "याचा अर्थ, संग्रहालयाच्या दृष्टीने, या सभागृहात अजून प्रदर्शन झालेलंच नाही."

कुणाला काही कळेना.

"दोन्या मिर्था," सुबिल्यागाबाई म्हणाल्या, "पहिलं रीळ चढवा. डब्यांचा क्रम बघू नका. रिळाच्या सुरुवातीला आकडा असतो, तो मी वाचते."

प्रदर्शन झालेलंच नाही म्हटल्यावर पैजही झालेली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. हेबरच्याही आलं असेल. आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही. निबिया घरी जाऊन उरलेल्या तोर्ता घेऊन आली, त्या रांगेरांगेतून फिरल्या. जाणाऱ्यांपेक्षा येणारेच जास्त होते. बाळ घेऊन गेलेली बाई झोपलेलं बाळ घेऊन परत आली.

पडद्यावरचे नगराध्यक्ष दुसऱ्यांदा नदीत पडले तेव्हा पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. टेबल मोडलं तेव्हा लोकांनी आधीच हसून ठेवलं. मग धुकं आलं, तराफा आला, आणि सगळे पुन्हा गप्प झाले.

निबिया आणि हेबर माझ्या डाव्या हाताला बसले होते. पडद्यावर पाव निघाला, सुरी निघाली.

"बघ किती पातळ कापते," निबिया हळूच म्हणाली. "आपल्यालाही असाच पातळ द्यायची."

"मला जाड द्यायची," हेबर म्हणाला.

"काहीही! तुला कसा जाड?"

"मी लहान होतो म्हणून."

"तू लाडका होतास म्हणून. आणि वर लोणीसुद्धा तुलाच!"

"लोणी तू मागायचीस कुठे? तू नुसती तोंड फुगवून बसायचीस!"

"मी तोंड फुगवायचे? मी?"

"शूः!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "आयला, सिनेमा बघू द्या की!"

चौतीस वर्षं मी याहून कितीतरी कमी गडबडीसाठी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं आहे. या दोघांना बसू दिलं. दोघं कुजबुजत भांडत राहिले, आणि वर पडद्यावर त्यांची आई पाव कापत राहिली.